एकाच नावाचे दोन कॉलम: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांची पारख

आंब्याचा हिशेब वहीतून एक्सेलमध्ये आणि एक्सेलमधून डेटाबेसमध्ये नेला की दोन टेबलं जोडताना सगळ्यात आधी आडवी येते ती 'ॲम्बिग्युअस कॉलम'ची एरर. तुम्ही लिहिलेलं नाव एकाहून जास्त टेबलांत सापडलं, त्यातलं कुठलं धरू, एवढंच डेटाबेस विचारत असतो. फुकट मिळणारे आणि छोट्या कार्यालयाला पुरून उरणारे तीन डेटाबेस, म्हणजे पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट, या एका बाबतीत कसे वागतात याची ही पारख आहे. वेग, बॅकअप, किती डेटा मावतो, यांबद्दल इथे काही नाही.

माझं मत आधीच सांगतो. नावाच्या गोंधळावर थांबून विचारणारा डेटाबेस चांगला, आणि विचारायचं सोडून स्वतःच एक कॉलम उचलणारा धोक्याचा. या हिशेबाने पोस्टग्रेसला पाचपैकी साडेचार. एसक्यूलाइटला साडेतीन: घरच्या एका लॅपटॉपवर काम असेल तर तो उत्तम, पावसात नेट गेलं तरी फाइल जवळच असते, पण सबक्वेरीतल्या, म्हणजे एका क्वेरीच्या (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या) आत लिहिलेल्या दुसऱ्या क्वेरीतल्या, दुहेरी नावांवर तो गप्प राहतो. मायएसक्यूएलला तीन. शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांच्या वेबसाइट एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या सेवेवर) बहुतेक वेळा तोच किंवा त्याचा भाऊ मारियाडीबी मिळतो म्हणून तो टाळता येत नाही, पण स्टोअर्ड प्रोसीजरमधलं (डेटाबेसमध्येच साठवून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रॅममधलं) त्याचं वागणं मला मान्य नाही. का, ते पुढे येईल.

उदाहरणासाठी देवगड किंवा रत्नागिरीतून वाशी मार्केटला हापूस पाठवणाऱ्या संस्थेची चार टेबलं घेऊ.

बागायतदार: आयडी, नाव, गाव
दलाल: आयडी, नाव, गाव
चलन: आयडी, बागायतदार_आयडी, दलाल_आयडी, तारीख, पेट्या
पट्टी: आयडी, चलन_आयडी, तारीख, पेट्या, दर

पेट्या गाडीत चढल्या की चलन होतं, माल विकला गेला की दलालाकडून पट्टी येते. दोन्हीकडे 'तारीख' आहे आणि दोन्हीकडे 'पेट्या' आहेत, पण एक पाठवल्याची आणि दुसरी विकल्याची. नाव एक, अर्थ दोन. चुकीचा कॉलम उचलला गेला तर बागायतदाराच्या हातात चुकीची रक्कम पडते, म्हणून ही बाब नुसत्या सोयीची राहत नाही.

वाचायला सोपं जावं म्हणून इथे एसक्यूएलचे (डेटाबेसशी बोलायच्या भाषेचे) कीवर्ड देवनागरीत लिहिले आहेत, चालवताना ते इंग्रजीतच टाइप करायचे. टेबलांची आणि कॉलमची नावं मात्र खरोखर देवनागरीत ठेवली तरी तिन्ही डेटाबेस ती अवतरणचिन्हांशिवाय स्वीकारतात.

सिलेक्ट नाव, तारीख, पेट्या
फ्रॉम चलन
जॉइन बागायतदार ऑन बागायतदार.आयडी = चलन.बागायतदार_आयडी
जॉइन पट्टी ऑन पट्टी.चलन_आयडी = चलन.आयडी

ही क्वेरी तिघेही नाकारतात, तिघेही 'तारीख'वर अडतात. पोस्टग्रेस एररचा कोड ४२७०२ देतो, कॉलमचं नाव सांगतो, ओळ छापतो आणि नेमक्या जागेखाली खूण करतो. मायएसक्यूएलचा एरर नंबर १०५२. तो जागेची खूण करत नाही, पण गोंधळ क्वेरीच्या कुठल्या भागात आहे ते सांगतो: फील्ड लिस्टमध्ये, व्हेअर क्लॉजमध्ये की ऑर्डर क्लॉजमध्ये. लांब क्वेरीत एकच नाव चार ठिकाणी आलं असेल तेव्हा ही माहिती फार उपयोगी पडते. एसक्यूलाइट फक्त 'ॲम्बिग्युअस कॉलम नेम' आणि पुढे नाव एवढंच सांगतो. त्याचं नवं कमांड लाइन साधन मात्र बाणाने जागाही दाखवतं. तिघांतही एक उणीव सारखी आहे. हे नाव नेमकं कोणकोणत्या टेबलांत सापडलं याची यादी कोणीच देत नाही, ती आपण टेबलांच्या रचनेतून शोधायची. शिवाय तिघेही पहिल्या चुकीवर थांबतात. 'तारीख' दुरुस्त केली की मग 'पेट्या'ची तीच तक्रार येते, म्हणून एकेक नाव दुरुस्त करत बसण्यापेक्षा सगळी क्वेरी एका दमात नीट करावी.

याच क्वेरीत 'नाव' बिनतक्रार चालतं, कारण दलाल टेबल अजून जोडलेलं नाही. पुढे कोणी दलालाचंही नाव रिपोर्टमध्ये हवं म्हणून तिसरं जॉइन घातलं की इतके दिवस चाललेलं 'नाव' मोडतं. म्हणून दुसरं टेबल आलं की प्रत्येक कॉलमपुढे टेबलाचं टोपणनाव लावायचं, ज्या कॉलममध्ये आज गोंधळ नाही त्याच्याही पुढे. आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक कॉलमला 'ॲज' लावून स्वतःचं नाव द्यायचं.

सिलेक्ट बा.नाव ॲज बागायतदार_नाव,
च.तारीख ॲज पाठवल्याची_तारीख,
प.तारीख ॲज विकल्याची_तारीख,
च.पेट्या ॲज पाठवलेल्या_पेट्या,
प.पेट्या ॲज विकलेल्या_पेट्या
फ्रॉम चलन ॲज च
जॉइन बागायतदार ॲज बा ऑन बा.आयडी = च.बागायतदार_आयडी
जॉइन पट्टी ॲज प ऑन प.चलन_आयडी = च.आयडी

एकदा टोपणनाव दिलं की मूळ नाव त्या क्वेरीपुरतं बाद होतं. वर 'च' ठरवून खाली 'चलन.तारीख' लिहिलं तर पोस्टग्रेस चूक दाखवतो आणि तुम्हाला टेबलाचं टोपणनाव म्हणायचं होतं का, अशी सूचनाही करतो. मायएसक्यूएल १०५४ नंबरची 'अननोन कॉलम' एरर देतो आणि एसक्यूलाइट 'नो सच कॉलम' म्हणतो. नवशिक्या माणसाला ही दोन उत्तरं दिशाभूल करणारी वाटतात, कारण कॉलम तर डोळ्यांसमोर टेबलात असतो.

आता या क्वेरीतली एक गोष्ट, जी नावाच्या गोंधळाला लागूनच येते. एका चलनाचा माल तुकड्यांनी विकला गेला आणि त्याच्या तीन पट्ट्या आल्या, तर जॉइननंतर च.पेट्या तीन ओळींत तीनदा दिसतात. त्यांची बेरीज केली की पाठवलेल्या पेट्या तिप्पट. टोपणनाव बरोबर असूनही बेरीज चुकते. पाठवलेल्या पेट्यांची बेरीज फक्त चलन टेबलावर वेगळी करून मग जोडावी.

इथपर्यंत तिघेही विश्वासाला पात्र आहेत. खरी परीक्षा पुढे आहे, जिथे एरर यायला हवी आणि येत नाही.

सगळ्यात घातक जागा म्हणजे सबक्वेरी. वाशीच्या दलालांकडे गेलेली चलनं काढून टाकायची आहेत असं समजा.

डिलीट फ्रॉम चलन
व्हेअर दलाल_आयडी इन
(सिलेक्ट दलाल_आयडी फ्रॉम दलाल व्हेअर गाव = 'वाशी')

दलाल टेबलात 'दलाल_आयडी' नावाचा कॉलमच नाही, तिथे तो नुसता 'आयडी' आहे. एरर येईल असं वाटतं, पण येत नाही. आतल्या टेबलात नाव सापडलं नाही की डेटाबेस बाहेरच्या क्वेरीत शोधतो आणि तिथे चलनाचा दलाल_आयडी त्याला मिळतो. म्हणजे प्रत्येक ओळीचा दलाल_आयडी स्वतःशीच ताडला जातो. वाशीचा एक दलाल जरी टेबलात असला तरी दलाल_आयडी भरलेली सगळी चलनं उडतात, वाशीची असोत वा नसोत. तिघेही असंच वागतात आणि एसक्यूएलच्या प्रमाण नियमांनुसार ते बरोबरच आहे, म्हणून इथे कुणाचे गुण कापता येत नाहीत. उपाय मात्र सोपा आहे. आत 'फ्रॉम दलाल ॲज द' लिहून 'सिलेक्ट द.दलाल_आयडी' म्हटलं असतं तर त्याच क्षणी 'असा कॉलम नाही' अशी एरर आली असती. सबक्वेरीत टेबल एकच असलं तरी टोपणनाव लावायचं ते यासाठी. डिलीट चालवण्याआधी तीच व्हेअरची ओळ सिलेक्ट काउंटमध्ये घालून आकडा बघावा आणि काम ट्रान्झॅक्शनमध्ये करावं, म्हणजे आकडा चुकला तर रोलबॅक करून सगळं पूर्ववत करता येतं.

दुसरी जागा स्टोअर्ड प्रोसीजर आणि फंक्शनची. इथे तिघांची वाट वेगळी होते. एसक्यूलाइटमध्ये स्टोअर्ड प्रोसीजर नाहीतच, त्यामुळे त्याचा प्रश्नच मिटला. मायएसक्यूएलमध्ये प्रोसीजरला 'आयडी' नावाचा पॅरामीटर (बाहेरून दिली जाणारी किंमत) दिला आणि आत 'अपडेट पट्टी सेट दर = नवा_दर व्हेअर आयडी = आयडी' असं लिहिलं, तर दोन्ही 'आयडी' म्हणजे तो पॅरामीटरच धरला जातो. अट कायम खरी ठरते आणि टेबलातल्या प्रत्येक पट्टीचा दर बदलतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त 'इतक्या ओळी बदलल्या' हा आकडा, आणि तोही ॲपने दाखवला तर. कॉलमचं नाव व्हेरिएबलला (प्रोसीजरच्या आत किंमत धरून ठेवणाऱ्या नावाला) देऊ नका असं मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय, पण सूचना लिहिणं आणि अडवणं यात फरक आहे. पैशाच्या टेबलांवर हे वागणं मला चालत नाही, म्हणून त्याचे गुण इथे सर्वांत जास्त गेले. मायएसक्यूएल वापरायचाच असेल तर प्रत्येक पॅरामीटरपुढे 'पी_' आणि प्रत्येक लोकल व्हेरिएबलपुढे 'व्ही_' लावण्याची सवय पहिल्या दिवसापासून हवी.

पोस्टग्रेस इथे कसा वागतो ते फंक्शन कुठल्या भाषेत आहे यावर ठरतं, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या प्रोसीजर लिहायच्या भाषेत व्हेरिएबल आणि कॉलम एकाच नावाचे असतील तर तो सरळ ॲम्बिग्युअसची एरर देतो. २०१० मध्ये आलेल्या ९.० आवृत्तीपासून हेच त्याचं मूळ सेटिंग आहे. याचा सर्वांत जास्त त्रास 'रिटर्न्स टेबल' लिहिलेल्या फंक्शनमध्ये होतो. परत देण्याच्या कॉलमना 'आयडी', 'पेट्या' अशी नावं दिली की ती आत व्हेरिएबल होऊन बसतात आणि साधं 'सिलेक्ट आयडी फ्रॉम चलन'सुद्धा अडतं. टोपणनाव लावलं की सुटतं. पण 'ऑन कॉन्फ्लिक्ट (आयडी)' (तीच ओळ आधीच असेल तर काय करायचं ते सांगणारा भाग) इथे टोपणनाव लावायची परवानगीच नाही. तिथे तीन मार्ग आहेत: परत देण्याच्या कॉलमचं नाव बदला, किंवा 'ऑन कॉन्फ्लिक्ट ऑन कन्स्ट्रेंट' लिहून कन्स्ट्रेंटचं (टेबलावर घातलेल्या बंधनाचं) नाव द्या, किंवा फंक्शनच्या अगदी वरच्या ओळीत हॅश लावून 'व्हेरिएबल_कॉन्फ्लिक्ट यूझ_कॉलम' लिहा. पहिला मार्ग उत्तम. तिसऱ्याने एरर दबते, आणि एरर दबवणं हा शेवटचा उपाय ठेवावा.

पण तेच फंक्शन साध्या एसक्यूएल भाषेत लिहिलं असेल तर पोस्टग्रेस थांबत नाही. तिथे पॅरामीटर आणि कॉलम एकाच नावाचे असले की कॉलम जिंकतो. 'व्हेअर आयडी = आयडी' पुन्हा कायम खरं, फक्त मायएसक्यूएलच्या उलट बाजूने. 'फंक्शनचं_नाव.आयडी' असं लिहून पॅरामीटर वेगळा दाखवता येतो. पोस्टग्रेसचा अर्धा गुण गेला तो यामुळे.

साठ्याच्या नोंदीत तिसरी जागा येते. 'साठा' नावाच्या वेगळ्या टेबलात गोदामातल्या पेट्यांचा आकडा आहे, त्यात आजच्या पेट्या मिळवायच्या आहेत, ओळ नसेल तर नवी घालायची. पोस्टग्रेसमध्ये 'ऑन कॉन्फ्लिक्ट'च्या पुढे 'डू अपडेट सेट पेट्या = पेट्या + १' लिहिलं की ॲम्बिग्युअसची एरर येते, कारण 'पेट्या' जुन्या ओळीतही आहे आणि 'एक्सक्लुडेड' या नवीन ओळीतही. लिहायचं असं:

डू अपडेट सेट पेट्या = साठा.पेट्या + एक्सक्लुडेड.पेट्या

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे टोपणनाव लावायचं नाही, लावलं तर वेगळी एरर येते. एसक्यूलाइटमध्ये ही सोय २०१८ च्या ३.२४ आवृत्तीपासून आहे आणि तिथे नुसतं 'पेट्या' म्हणजे जुनी ओळ असा नियम ठरलेला आहे, म्हणून तो अडत नाही. नियम स्पष्ट आहे, तरी उजवीकडे दोन्ही नावं पूर्ण लिहिलेली वाचायला बरी. मायएसक्यूएलमध्ये याच कामाच्या 'ऑन डुप्लिकेट की अपडेट'सोबत वापरायचं जुनं 'व्हॅल्यूज' फंक्शन ८.०.२० पासून मोडीत काढायच्या यादीत गेलं आहे. ८.०.१९ पासून नव्या ओळीला टोपणनाव देता येतं, ते वापरावं.

ऑर्डर बायची चूक दिसायला किरकोळ आहे, पण रिपोर्ट हमखास बिघडवते. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी दाखवायची म्हणून च.तारीख मजकुरात बदलून तिला पुन्हा 'तारीख' हेच नाव दिलं, आणि शेवटी 'ऑर्डर बाय तारीख' लिहिलं. ऑर्डर बाय आधी बाहेर पडणाऱ्या कॉलमचं नाव बघतो, मग टेबलातलं. तिन्ही डेटाबेसमध्ये असंच. त्यामुळे क्रम तारखेचा न लागता अक्षरांचा लागतो: ०१-०५-२०२५ आधी आणि १५-०३-२०२५ नंतर. मे महिन्याची चलनं मार्चच्या वर. 'ऑर्डर बाय च.तारीख' लिहिलं की प्रश्न मिटतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये ग्रुप बाय याच्या बरोबर उलटा वागतो, तो टेबलातला कॉलम आधी धरतो. एकाच क्वेरीत एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थाने घेतला जाऊ शकतो, म्हणून बाहेरच्या कॉलमला टेबलातल्या कॉलमचं नाव परत देऊच नये.

एसक्यूलाइटबद्दल माझी मोठी तक्रार सबक्वेरीतल्या दुहेरी नावांची आहे.

सिलेक्ट तारीख फ्रॉम
(सिलेक्ट च.तारीख, प.तारीख फ्रॉम चलन ॲज च
जॉइन पट्टी ॲज प ऑन प.चलन_आयडी = च.आयडी) ॲज सगळं

आतून 'तारीख' नावाचे दोन कॉलम बाहेर येतात. मायएसक्यूएल आतली क्वेरीच नाकारतो, १०६० नंबरची 'डुप्लिकेट कॉलम नेम' एरर. पोस्टग्रेस आतली क्वेरी मान्य करतो, पण बाहेरून नुसतं 'तारीख' मागितलं की ॲम्बिग्युअस म्हणून थांबतो. एसक्यूलाइट मात्र दुसऱ्या कॉलमचं नाव गुपचूप 'तारीख:१' करतो आणि बाहेरच्या 'तारीख'ला पहिला कॉलम देऊन टाकतो. आतल्या दोन कॉलमचा क्रम कोणी बदलला की पाठवल्याच्या जागी विकल्याची तारीख येईल आणि कुणाला कळणारही नाही. 'क्रिएट टेबल ॲज सिलेक्ट'ने नवं टेबल केलं तर त्यातही 'तारीख:१' असाच कॉलम तयार होतो, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल तिथे टेबल करूच देत नाहीत. ज्या टेबलात कोलन असलेलं कॉलमचं नाव दिसेल त्याची मूळ क्वेरी तपासायला घ्यावी.

'सिलेक्ट स्टार' (सगळे कॉलम एकदम मागणं) जॉइनमध्ये वापरू नये याचं कारणही इथेच आहे, फक्त गोंधळ डेटाबेसच्या बाहेर, प्रोग्रॅममध्ये होतो. सर्वांत वरच्या पातळीवर एकाच नावाचे दोन कॉलम पाठवायला तिन्ही डेटाबेसची हरकत नसते. ते घेणारा काय करतो ते प्रोग्रॅमची भाषा आणि तिला डेटाबेसशी जोडणारं साधन यांवर आहे. पीएचपीचं मायएसक्यूएलआय 'फेच असोक'मध्ये शेवटचा कॉलम ठेवतं आणि आधीचा पुसतं. जावाचं जेडीबीसी नावाने मागितलं की पहिला कॉलम देतं. पायथनच्या एसक्यूलाइट३ मॉड्यूलमधला 'रो' पहिला देतो, पण तीच ओळ कॉलमची नावं आणि किमती जोडून डिक्शनरीत भरली की शेवटचा उरतो. तीच क्वेरी, तोच डेटाबेस, आणि वेबसाइटवर एक तारीख, मोबाइल ॲपमध्ये दुसरी. अशा वेळी दोष डेटाबेसमध्ये शोधत बसू नये. क्वेरीत प्रत्येक कॉलमला वेगळं नाव आहे का ते आधी बघावं. एसक्यूलाइटबाबत आणखी एक: 'ॲज' लावला नसेल तर बाहेर येणाऱ्या कॉलमचं नाव काय असेल याची तो हमी देत नाही, पुढच्या आवृत्तीत ते बदलू शकतं असं त्याच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

जॉइनमध्ये 'ऑन'च्या जागी लिहायचं 'यूझिंग' मला आवडतं. चलन टेबलातल्या 'आयडी'चं नाव 'चलन_आयडी' केलं, तर 'जॉइन पट्टी ॲज प यूझिंग (चलन_आयडी)' एवढं पुरतं, आणि दोन कॉलमचा एकच होऊन नुसतं 'चलन_आयडी' लिहिलं तरी गोंधळ होत नाही. लेफ्ट जॉइनमध्ये (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणाऱ्या जोडणीत) हे एकत्र केलेलं नाव डाव्या टेबलाची किंमत देतं. पट्टी न आलेली चलनं शोधायची असतील तर 'व्हेअर प.चलन_आयडी इज नल' (नल म्हणजे किंमतच नसणं) असं टोपणनावासकट लिहायचं. नुसतं 'चलन_आयडी इज नल' लिहिलं तर एकही ओळ येत नाही, आणि सगळ्या पट्ट्या आल्या असा समज होतो. हंगामाच्या शेवटी थकीत पट्ट्यांची यादी काढताना ही चूक फार महाग पडते.

'नॅचरल जॉइन' मात्र वापरूच नये. तो दोन्ही टेबलांतली सारखी नावं स्वतः शोधतो आणि सगळ्यांवर जोडतो. चलन आणि पट्टी यांच्यात चलन_आयडीसोबत 'तारीख' आणि 'पेट्या'ही सारख्या आहेत. म्हणजे ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी, तेवढ्याच पेट्यांचा माल विकला गेला असेल तरच ओळ दिसेल. बाकी सगळं गायब. आणि सारखं नाव एकही नसेल तर प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी जोडली जाते.

देवनागरी नावं वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली लांबीची. पोस्टग्रेसमध्ये नाव ६३ बाइटांपर्यंतच चालतं. देवनागरीत अक्षर, मात्रा आणि हलन्त एकत्र नव्हे तर सुटे मोजले जातात आणि प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. 'बागायतदाराला_दिलेली_आगाऊ_रक्कम' आणि 'बागायतदाराला_दिलेली_आगाऊ_तारीख' ही दोन्ही नावं 'बागायतदाराला_दिलेली_आग' इथेच कापली जातात. टेबल करताना कॉलम दोनदा दिला म्हणून एरर येते, पण सिलेक्टमध्ये फक्त नोटीस येते आणि एकाच नावाचे दोन कॉलम बाहेर पडतात. मायएसक्यूएल ६४ अक्षरं मोजतो, बाइट नाही, त्यामुळे तिथे देवनागरीला जागा भरपूर आहे.

दुसरी गोष्ट 'ऱ्य'ची, आणि ही जास्त त्रासदायक. 'व्यापाऱ्याचे_नाव' यातला 'ऱ्य' काही कीबोर्ड 'ऱ', हलन्त, 'य' असा लिहितात, तर काही 'र', हलन्त, न दिसणारा जोडक आणि 'य' असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट यांच्या दृष्टीने मात्र ती वेगळी नावं आहेत. एका माणसाने टेबल केलं आणि दुसऱ्याने वेगळ्या कीबोर्डवरून क्वेरी लिहिली की 'असा कॉलम नाही' येतं. त्याहून वाईट म्हणजे एकाच टेबलात दिसायला सारखे दोन कॉलम तयार होऊ शकतात. शोधायचं असेल तर पोस्टग्रेसमध्ये इन्फर्मेशन स्कीमामधून (टेबलांची रचना जिथे नोंदलेली असते तिथून) कॉलमच्या नावाची ऑक्टेट लेंथ (बाइटांतली लांबी) काढावी, तेवढ्या भागाला एका पद्धतीत ९ बाइट लागतात, दुसऱ्यात १२. एसक्यूलाइटमध्ये नाव हेक्समध्ये (प्रत्येक बाइट आकड्यात दाखवून) बघावं. सोपा मार्ग म्हणजे असं अक्षर असलेलं नाव ठेवूच नये. 'दलाल_नाव' लिहिलं की काम भागतं. एक मात्र देवनागरीच्या बाजूने: पोस्टग्रेस इंग्रजी नावं लहान अक्षरांत (लोअरकेसमध्ये) बदलतो आणि त्यातून जे घोळ होतात ते आपल्याकडे संभवतच नाहीत.

जुन्या डेटाबेसमधली नावं सुधारायची असतील तर आधी पूर्ण बॅकअप, मग एका वेळी एकच कॉलम. हापूसच्या हंगामात हे काम काढू नये, जून उजाडू द्यावा. पोस्टग्रेसमध्ये 'रिनेम कॉलम' केलं की व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी) आपोआप नव्या नावाला धरून राहतात, कारण व्ह्यू करतानाच प्रत्येक नाव कुठल्या टेबलाचं ते त्याने ठरवून ठेवलेलं असतं. पण व्ह्यूमधून बाहेर पडणारं नाव जुनंच राहतं, आणि पीएल/पीजीएसक्यूएल फंक्शनचा मजकूर बदलत नाही. ती फंक्शनं चालवेपर्यंत चूक कळत नाही, म्हणून प्रत्येक फंक्शन एकदा चालवून बघावं. मायएसक्यूएलमध्ये 'रिनेम कॉलम' ८.० पासून आहे. तिथे जुन्या नावावर उभे असलेले व्ह्यू १३५६ नंबरची एरर देतात आणि ते हाताने पुन्हा लिहावे लागतात. एसक्यूलाइट या कामात तिघांत सर्वांत दक्ष निघतो. २०१८ च्या ३.२५ आवृत्तीपासून तो कॉलमचं नाव बदलताना व्ह्यू आणि ट्रिगरमधली (टेबलात बदल झाला की आपोआप चालणाऱ्या आज्ञांमधली) नावंही बदलतो, आणि नव्या नावामुळे त्यांच्यात कुठे गोंधळ होणार असेल तर बदलच नाकारतो. काहीही न बदलता परत फिरतो. त्याचे व्ह्यू मात्र मजकूर म्हणून साठवलेले असतात आणि दर वेळी नव्याने वाचले जातात, त्यामुळे आधी कधीतरी नवा कॉलम जोडल्याने मोडलेला एखादा व्ह्यू पडून असेल तर भलत्याच टेबलाचं नाव बदलताना 'एरर इन व्ह्यू' येते. घाबरू नये. एररमध्ये त्या व्ह्यूचं नाव असतं. तो ड्रॉप करून, आतल्या प्रत्येक कॉलमला टोपणनाव लावून पुन्हा करावा आणि मग नाव बदलण्याची कमांड परत द्यावी.